दिवसभर डोळ्याला चालणारी दुर्बीण

आमच्या घराण्यात डोकं दुखायची पद्धत नव्हती. कंबर दुखायची, गुडघे दुखायचे, भाताच्या आवणीच्या दिवसांत पायाच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या. पण डोकं म्हणजे पाटी ठेवायची जागा, ती दुखून कसं चालेल? त्यामुळे बारावीला दुसऱ्यांदा आपटून मी घरी बसलो आणि त्या उन्हाळ्यात रोज दिवेलागणीला कपाळ धरून ओट्यावर टेकायला लागलो, तेव्हा घरच्यांना पहिली शंका आली ती नाटकाची. "पुस्तक न्हाई, अभ्यास न्हाई, मग डोकं दुखतंय कशानं?" दादा विचारायचे. दादा म्हणजे माझे वडील. "आत काय असल तर दुखायचं ना." आई त्यांच्याकडे न बघता सुंठ उगाळायची आणि तो लेप माझ्या कपाळावर थापायची. लेप वाळला की कपाळ आवळून यायचं, आणि आधी नुसतं दुखणारं डोकं मग आवळून दुखायचं. एका संध्याकाळी तिनं मीठ-मोहऱ्याही ओवाळून चुलीत टाकल्या. त्या तडतडल्या नाहीत, म्हणून नजर नाही असं ठरलं, आणि मला हुलग्याच्या गरम माडग्याचं वाटगं मिळालं. डोकं राहिलं तिथंच.

डोकं दुखायचं कारण माझ्या गळ्यातच लटकत होतं, पण ते कुणाच्या डोक्यात येईना. ते कारण म्हणजे गावकीची दुर्बीण.

आमची वाडी वेल्ह्याकडच्या पासली गावाच्याही वर, डोंगराच्या कुशीत. खाली भातखाचरं, मध्ये ओढा आणि ओढ्यापलीकडे समोरच सडा. सडा म्हणजे डोंगरावरचं सपाट माळरान: कडेनं करवंदीच्या जाळ्या, उतारावर कमरेइतकं वाळलेलं गवत आणि मधोमध काळा उघडा कातळ. आदल्या उन्हाळ्यात त्या उतारावरून वणवा खाली आला होता आणि वाडीच्या गवताच्या गंज्या खाऊन गेला होता. पाऊस पडेपर्यंत बैलांना शेजारच्या गावांतून मागून आणलेल्या पेंढ्यावर जगवावं लागलं. त्या धसक्यानं गावकीनं ठरवलं की यंदा उन्हाळाभर वाघजाईच्या टेपाडावर एक माणूस बसवायचा. त्यानं दिवसभर समोरचे उतार बघायचे आणि धूर दिसला की तेलाचा रिकामा डबा बडवायचा. माणूस निवडायला वेळ लागला नाही. वाडीत बिनकामाचा मी एकटाच होतो. शिवाय मला चष्मा होता, आणि चष्मेवाल्याला लांबचं जास्त दिसतं असा गावकीचा समज होता. मी तो दूर केला नाही. घरटी थोडं भात मिळणार होतं आणि दादांच्या नजरेसमोरून दिवसभर नाहीसं व्हायची अधिकृत सोय होत होती.

दुर्बीण आणली तात्यांनी. तात्या दादांचे थोरले चुलतभाऊ. वाडीत त्यांचा शब्द चालायचा, आणि आवाज त्याहून जास्त चालायचा. पुण्याच्या जुन्या बाजारातून त्यांनी ती हुडकून आणली, देवळासमोर सगळ्यांच्या हातांतून फिरवली आणि म्हणाले, "लष्कराची हाय. ह्यातनं तोरण्यावरचा उंदीर दिसतो." तोरण्याच्या दिशेनं सगळ्यांनी आळीपाळीनं बघितलं. उंदीर दिसला की नाही हे कुणी सांगितलं नाही, पण दिसला नाही असंही कुणी म्हणालं नाही. ती दुर्बीण चांगली हातभर लांब, काळीभोर, आणि वजनाला उखळातल्या मुसळासारखी होती. गळ्यात अडकवली की मान आपोआप पुढं यायची, त्यामुळे मी उन्हाळाभर कुणाची तरी माफी मागत हिंडतोय असं दिसायचं.

आता माझा मूर्खपणा सांगतो. दुर्बिणीची दोन नळकांडी मधल्या बिजागरीवर जवळ-लांब होतात. ती आपल्या डोळ्यांइतक्या अंतरावर आणायची, म्हणजे दोन्हींतून मिळून एकच गोल दिसतो. हे मला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं ते वेल्ह्याच्या जत्रेतल्या तंबूत पाहिलेल्या सिनेमातलं. त्यात इन्स्पेक्टर दुर्बीण डोळ्याला लावतो आणि पडद्यावर एकमेकांना चिकटलेले दोन गोल दिसतात. तेव्हा दुर्बिणीतून दोन गोल दिसायला हवेत, हे माझ्या मनात पक्कं होतं. पहिल्या दिवशी मला चुकून एकच दिसला. मी दुर्बीण पुसली, फुंकली, मग बिजागरी ताणून ताणून नळकांडी इतकी लांब केली की एकदाचे दोन गोल दिसले, अगदी सिनेमातल्यासारखे. मग मी निर्धास्तपणे राखणीला बसलो. त्यात ती दुर्बीण जुन्या बाजारात कुठंतरी आपटलेली, एक नळकांडं जरासं वाकडं. म्हणजे गोल दोन आणि गोलांतलं जगही दोन. एका ऐनाच्या झाडाची दोन झाडं, एका म्हशीच्या दोन म्हशी. मी म्हणायचो, लष्कराची आहे, लष्कराला जास्तच दिसत असणार.

चष्म्याची कथा निराळी. दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या वाट्या टणक आणि खोल. चष्मा घालून बघितलं तर कुलपाच्या भोकातून बघितल्यासारखं दिसायचं. म्हणून मी चष्मा काढून सदऱ्याच्या खिशात ठेवायचो. दुर्बीण खाली घेतली की जग धूसर, चष्मा घातला की दुर्बीण निकामी. डबा, काठी आणि पाण्याची कळशी ह्यांना अडखळत, दिवसभर ही घालाकाढ. आणि हात थरथरायचे ते वेगळंच. इतक्या ताकदीच्या दुर्बिणीत हाताचा कंप डोंगराला लागतो. माझ्यापुरता त्या उन्हाळ्यात सह्याद्री रोज हलत होता.

आमच्याकडे भाताच्या रोपासाठी राब भाजतात. रोप जिथं टाकायचं त्या तुकड्यावर शेणी, कवळं म्हणजे झाडांच्या वाळलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत आणि वर माती असे थर देतात, आणि वारं पडलेलं असताना सकाळी पेटवून संथपणे जाळत नेतात. जमीन भाजली की तण मरतं, माती भुसभुशीत होते आणि रोप तरारून येतं. राब नीट भाजला नाही तर वर्षाचं भात तिथंच हुकलं म्हणून समजा. ह्या दिवसांत डोंगरभर धूर असतो, म्हणून टेपाडावर बसणाऱ्याला तात्यांनी एक खूण सांगून ठेवली होती: "राबाचा धूर एक असतो आन् जागेवर ऱ्हातो. वणव्याला तोंडं लई. दोन धूर दिसले की इचार करू नको, डबा बडीव."

मी विचार केला नाही. एका सकाळी टेपाडामागच्या खांद्यावर मला धूर दिसला. दुर्बीण लावली. दोन धूर. जगातली प्रत्येक वस्तू मला दोन दिसत होती, मग धूर एकटा कसा दिसेल? मी डबा असा बडवला की देवळातली वटवाघळं उडाली. आदल्या वर्षी भाजून निघालेली वाडी हातात ओल्या फांद्या आणि डोक्यावर घागरी घेऊन धावली. तिथं राब आहे हे धावणाऱ्यांना जवळ गेल्यावर दिसलं, नाही असं नाही. पण त्यांनी हिशेब केला की सदानं, म्हणजे मी, डबा बडवलाय त्या अर्थी धूर दोन आहेत. एक हा राबाचा, म्हणजे दुसरा गवतात सुटलेला. तो काही सापडेना, तेव्हा आणखी सुटू नये म्हणून त्यांनी आहे तोच झोडपला आणि वर घागरी ओतल्या. राब तात्यांचा होता. ते ओढ्यावर पाणी प्यायला उतरले होते. वर येऊन बघतात तर अर्धा राब भाजलेला, अर्ध्याचा काला झालेला, आणि सगळी वाडी घाम पुसत त्यांच्याकडे शाबासकीच्या आशेनं बघतेय.

तात्यांनी लोकांचा हिशेब ऐकून घेतला. मग म्हणाले, "दुसरा धूर कुठाय?"

सगळ्यांनी टेपाडाकडे बघितलं. मी तिथून हात हलवला.

त्या दिवसापासून माझं नाव दोनधुऱ्या पडलं. हे नाव पुढं लग्नाच्या बोलण्यांपर्यंत माझ्या आधी पोचायचं. तात्यांनी सुनांना घेऊन पुन्हा कवळं तोडली, पुन्हा राब रचला, पुन्हा भाजला आणि तेवढे दिवस आमच्या अंगणावरून जाताना मोठ्यानं खाकरले. पण नाव आणि खाकरणं परवडलं. खरी अडचण निराळी होती आणि ती आईनं ओळखली. त्यानंतर एकदा मी डबा नुसता जागेवरून उचलताना तो वाजला, तर खाली ओट्यांवर हसू फुटलं, आणि कुणी उठलं नाही. रात्री भाकरी वाढताना ती म्हणाली, "उद्या खरंच पेटलं आन् तू बडवलास, तर कोण उठल रं?" समोरचा उतार वाळून कुरकुरीत झाला होता. मला पहिल्यांदाच त्या डब्याची भीती वाटली.

तिनंच मला ताईकडे भोरला धाडलं, डोळे दाखवून यायला. पिशवीत इंद्रायणीचे तांदूळ, गळ्यात दुर्बीण, कारण ती घरी ठेवली तर तात्या परत नेतील अशी तिला धास्ती. विंझर, मार्गासनी, नसरापूर असं करत एसटीनं मला भोरला टाकलं तोवर मांडीवरच्या त्या धोंड्यानं पाय झोपले होते. सुमनताई माझी थोरली बहीण. तिचे मालक, आमचे दाजी, यांचा बाजारपेठेत फोटो स्टुडिओ होता, वर राहतं घर. दाजी बोलायला गोड आणि चिमटा काढायला त्याहून गोड. डोळे तपासून झाले. चष्म्याचा नंबर बरोबर निघाला. "डोळे ठीक आहेत," दाजी म्हणाले, "म्हणजे मेव्हण्यांचं दुखणं मागच्या बाजूला असणार." मग त्यांनी दुर्बीण मागितली, लावली आणि लगेच डोळ्यांवरून काढली.

"सदाशिवराव, ह्यात तुम्हाला काय दिसतं?"

"दोन गोल."

"आणि ते तुम्हाला बरोबर वाटतं?"

"मग? सिनेमात कसं दिसतं?"

दाजी खुर्चीवरून उठले, पडद्यामागे गेले आणि तिथून कण्हल्यासारखा आवाज येत राहिला. बाहेर आले तेव्हा डोळे पुसत होते. "अहो, सिनेमात दोन गोल दाखवतात ते प्रेक्षकांना कळावं म्हणून. दुर्बीण आहे हे." ताईनं स्वयंपाकघरातून विचारलं काय झालं. दाजी म्हणाले, "तुझ्या भावानं दोन महिने दोन डोळ्यांनी दोन सिनेमे बघितले." पुढची पाच-सात वर्षं प्रत्येक सणाला ते मला दोन-दोन वाढायला सांगायचे. "त्याला दोन दिसल्याशिवाय पोट भरत नाही."

पण दाजी हसून सोडून देणारे नव्हते. फोटो काढायला येणाऱ्यांना हातात धरायला त्यांच्याकडे काही वस्तू असायच्या: खोटा टेलिफोन, प्लॅस्टिकचा गुलाब, काळा चष्मा आणि तीन दुर्बिणी. पोझसाठी असल्या तरी तिन्ही खऱ्या. एक मोठी, काचांवर लाल झाक मारणारी. तिच्यासाठी गिऱ्हाइकांची भांडणं व्हायची. दुसरी घडीची, नाजूक, चकचकीत. तिसरी बुटकी, रंग उडालेली, डोळ्याकडे रबराच्या वाट्या असलेली. कुठल्याशा बोटीच्या भंगारातून आलेली. ती फोटोत शोभत नाही म्हणून पोरंसुद्धा तिला हात लावत नसत. दाजी मला गच्चीवर घेऊन गेले. तिथून नीरेचा पूल आणि पलीकडचे डोंगर दिसायचे. म्हणाले, "आता एक एक लावायची. लावली की तुमच्या ताईचा स्वयंपाक होईपर्यंत काढायची नाही. पहिल्या मिनिटाला कुणी पण चांगली दिसते. लग्नाचं माहीत नाही का?" खालून ताई म्हणाली, "ऐकू येतंय मला."

लाल काचांची लावली तेव्हा मी चाटच पडलो. पुलावरच्या माणसाच्या सदऱ्याचं बटण दिसलं. मनात म्हटलं, हीच. भाताला उकळी येईपर्यंत दंडाला रग लागली होती, भात मुरेपर्यंत मान आखडली होती आणि उचक्या लागल्यासारखा पूल हलत होता. घडीची दुपारी लावली. ती हलकी, पण तिच्या बारक्या भोकात डोळा नेमका धरावा लागायचा. जरा हललं की काळोख. पापड भाजून होईतो एक डोळा पाझरायला लागला. आणि पापडच भाजून होत होते तेवढ्यात शेजारच्या काकू जिन्यात उभ्या. "सुमन, तुझा भाऊ सकाळधरनं आमच्या गच्चीकडं नळी रोखून बसलाय. तिथं माझ्या कुरडया वाळतात, सुना वाळवण करतात."

"काकू, तो पूल बघतोय."

"पूल काय बघायचा? पळून चाललाय काय पूल?"

"अहो, त्याला नीट दिसतच नाही, म्हणून तर आणलाय त्याला. बारावीला दोनदा आपटलाय तो." ताईनं माझी अब्रू देऊन माझी अब्रू वाचवली. मला दक्षिणेकडे तोंड करून बसवण्यात आलं.

बुटकी मी दुसऱ्या दिवशी लावली, ती केवळ दाजींचा शब्द राखायला. दाजींनी आधी रबराच्या वाट्या बाहेरच्या बाजूला दुमडल्या आणि म्हणाले, "चष्मा राहू द्या." चष्म्यासकट लावली. बिजागरी हळूहळू मिटवत नेली. दोन गोल सरकत सरकत जवळ आले, एकमेकांत शिरले आणि एक झाले. एकच मोठा, शांत, उजेडाचा गोल. डोंगर फार जवळ आला नाही, पण हललाही नाही. सदऱ्याचं बटण काही दिसलं नाही. माणूस मात्र पुलाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलेला दिसला, मग त्याच्या मागून एक सायकल, मग शेळ्या. मी बघत राहिलो. ताई जेवायला बोलवायला वर आली तेव्हा म्हणाली, "अरे, हाका मारून घसा बसला." डोळ्यावरून दुर्बीण काढली, आणि काहीच झालं नाही. ना चक्कर, ना ठणका. खांद्यावरून पाण्याची कावड उतरवावी तसं वाटलं, फक्त कावड आधीपासून नव्हतीच. मी इतका सुटलो की ताटावर बसून उगाच हसत होतो, आणि ताईनं दाजींना विचारलं की ह्याला डोळ्यांत कसलं औषध तर नाही ना घातलं.

परवा नातवानं मोबाईलवर दुर्बिणी दाखवल्या. "आजोबा, कितीपट घेऊ?" म्हणाला. एकीपेक्षा एक आकडा मोठा. मी म्हटलं, बाबा, आकडा बघू नकोस. वजन बघ, वाट्या दुमडतात का बघ, चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतो का बघ, आणि भात चढवून कुकरची शिट्टी होईपर्यंत डोळ्याला धर. तो म्हणाला, "ऑनलाइन कसं धरणार?" शेवटी त्यानं आकडाच बघितला.

"घेऊन जा," भोरहून निघताना दाजी मला बुटकीबद्दल म्हणाले, "तसंही हिच्याबरोबर कुणी फोटो काढत नाही." वाडीत परतलो तेव्हा तात्यांनी ती तळहातावर ठेवून वजन केल्यासारखी झुलवली. "ही? ही बारशाला द्यायची झाली." आपली लष्करी दुर्बीण त्यांनी माझ्या गळ्यातून काढून घेतली आणि फडक्यात गुंडाळून घरी नेली. माझ्याकडे डबा, बुटकी दुर्बीण आणि गावभर पसरलेलं नाव राहिलं.

राबांचे दिवस सरले. करवंदं काळी पडली. एका सोमवारी आई वाडीतल्या बायांबरोबर सड्यावर करवंदं काढायला गेली. सोमवारी आईचा कडक उपास. सांज होऊन दिवा लागेपर्यंत पाण्याखेरीज काही नाही. त्या दिवशीही बाकीच्यांनी भाकऱ्या बांधून घेतल्या आणि हिनं नुसती पाटी. मी टेपाडावर आंब्याच्या सावलीत, कोपरं पेंढ्याच्या गठळीवर टेकून दुर्बीण लावून होतो. बाया सकाळपासून दिसत होत्या. हिरवं लुगडं आईचं, चालताना जरा उजवीकडे झुकायची सवय तिची. जाळीत भारद्वाज घुमत होता. खाली वाडी दुपारची निजली होती.

सड्याखालच्या उतारावर धूर निघाला तो बारीक, पिवळट. एकच होता. ह्या वेळी मला तो एकच दिसला आणि क्षणभर बरं वाटलं. एक धूर म्हणजे राब. मग डोक्यात आलं की राब कुणाचे उरलेत? आणि भर दुपारच्या वाऱ्यात कोण राब पेटवतं? मी दुर्बीण काढली नाही. पूर्वीची असती तर एवढ्यात डोळे चोळत बसलो असतो. धूर एका वठलेल्या ऐनाच्या उजव्या अंगाला होता. बघता बघता तो ऐनाच्या मागे गेला आणि डावीकडून बाहेर आला. तो चालत होता. चालत वर निघाला होता, वाऱ्याबरोबर, वाळल्या गवतातून, सड्याकडे. बाया खाली उतरायची वाट त्या गवतातूनच होती.

मी डबा घेतला आणि बडवला. वाडीत कुणीतरी अंगणात येऊन वर बघितलं आणि आत गेलं. मी आणखी बडवला. एका ओट्यावरून आवाज आला, "दोनधुऱ्या उठला, झोपा आता." मी ओरडलो, पण टेपाडावरून माझा आवाज म्हणजे कोंबड्याला ठसका. शेवटी एक माणूस घरातून निघाला आणि काठी घेऊन तरातरा टेपाड चढू लागला. तात्या. मला मारायला येत होते. मला इतका आनंद कुणाच्या येण्याचा झाला नव्हता.

"आज कुणाचा राब रं?" ते धापा टाकत म्हणाले. "बोल, कुणाचा भिजवायचा?"

"तात्या, तुमी बघा. मारा मग." मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. त्यांनाही जाड चष्मा. त्यांनी चष्म्यासकट ती डोळ्याला लावली, रागातच, आणि काठी हातातून सोडली. त्यांच्या लष्करी दुर्बिणीतून त्यांना स्वतःला कधी काही धड दिसलं नसावं, हे मला त्यावरून समजलं. "हे तर साफ दिसतंय," ते पुटपुटले. मग दुर्बीण जरा वर गेली. "आरं... बाया हायेत की वर." त्यांची थोरली सून त्यांत होती.

तात्यांनी टेपाडाच्या कडेला जाऊन जी हाक दिली ती मी अजून विसरलो नाही. सगळी वाडी एका दमात बाहेर आली. दादा सर्वांत पुढं होते, अंगात सदरा नव्हता. ओल्या फांद्या तोडत माणसं ओढ्यात उतरली. मीही निघालो, तर तात्यांनी दंडाला धरलं. "तू हितंच. आग कुठं सरकती, बाया कुठं हायेत, ते बघून मला सांग. म्या हाक देतो." म्हणून त्या दिवशी माझी आई आगीच्या वर होती आणि मी आंब्याच्या सावलीत बसून बघत होतो. तसलं बघणं कुणावर येऊ नये. मी सांगायचो, "डावीकडनं सरकतीय", तात्या हाक द्यायचे, आणि खाली दादा फांदी उगारून डावीकडे पळायचे. बाया करवंदीच्या जाळ्या सोडून सड्याच्या मध्यावर धावल्या, काळ्या कातळाकडे. मग धूर त्यांच्यावर आला आणि कातळ नाहीसा झाला.

किती वेळ ते मला माहीत नाही. तात्या विचारत होते, "दिसतंय का?" मी म्हणत होतो, "न्हाई." दुर्बीण मी हलवली नाही, डोळे लवले तेवढेच. मग वारं जरा फिरलं, धूर कडेला सरला, आणि उजेडाच्या त्या गोलात कातळ आला. कातळावर बाया घोळका करून बसलेल्या, पदर नाकाशी धरलेले. हिरवं लुगडं. त्या लुगड्यातला हात तोंडाकडे गेला, खाली आला, पुन्हा तोंडाकडे गेला. मला कळायला वेळ लागला. मग मी इतक्या मोठ्यानं हसलो की तात्यांनी माझ्याकडे घाबरून बघितलं.

"काय झालं?"

"आई जेवतीय, तात्या."

"आगीत?"

"कातळावर बसून. भाकरी खातीय."

तात्यांनाही हसू आलं, आणि मग हसता हसता उपरण्यानं डोळे पुसायला लागले, ते थांबेचनात. कातळावर गवत नव्हतं, आग कडेनं फिरून विझत गेली. माणसं वर पोचली तेव्हा बाया पाट्या डोक्यावर घेत होत्या. संध्याकाळी वाडीत लग्न लागल्यासारखा गलका होता. दोनधुऱ्याला चहा मिळाला, दोन कप. दादांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्या हाताला फोड आले होते, ते मला सदऱ्यातून लागले. मी प्रत्येकाला कातळावर जेवणाऱ्या आईची गोष्ट सांगत सुटलो होतो. आग चहूकडनं आणि ही बाई निवांत भाकरी मोडतेय. लोक हसत होते. आईही हसली, पण पदराआड.

दिवा लागल्यावर ती चुलीपाशी एकटी होती. चेहरा धुतला होता तरी कानामागे काजळी राहिलेली. मी लाकूड पुढं सारत म्हटलं, "आई, आज सोमवार. उपास मोडलास की तू."

"दिसलं व्हय तुला." ती भाकरी थापत राहिली. "सुकटीची चटणी व्हती वर. तात्यांच्या सुनंची."

सोमवारी सुकट. मी पुन्हा हसायच्या बेतात होतो.

"धूर आला तवा कायसुदिक दिसंना," आई म्हणाली. "वाटलं झालं आता. त्या पोरीचा डबा मांडीवर उघडाच व्हता. म्हटलं, जायचंच हाय तर उपाशीपोटी कशाला जा." तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. "बाकीच्यास्नी सांगू नको. त्यांना वाटतंय म्या भ्याले न्हाई."

लांबून जो घास बघून मी सुटकेनं हसलो होतो, तो तिनं शेवटचा म्हणून खाल्ला होता. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, निखाऱ्याला टेकवून फुगवली आणि माझ्या ताटात टाकली. "जेव गप. आलो ना आमी."

मोडलेल्या सोमवारचा उपास आईनं मंगळवारी धरला. दादांना सांगितलं की पित्त झालंय. मीही तिच्याबरोबर उपास धरला, कुणाला न सांगता, आणि टेपाडावर जाऊन बसलो. दुपारपर्यंत टिकला. मग तात्यांची थोरली सून टेपाड चढून आली, माझ्यापुढं फडकं सोडलं, आत नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी. ती म्हणाली, "तुमच्या आईंनी धाडलंय. म्हणाल्या, त्याला जमायचं न्हाई."